पाचच्या चहाला पंचाहत्तरीचा केक: चाळीस पाहुणे, घरचा लहान ओव्हन आणि आंबा-रवा केक

घरी चाळीस माणसं जेवायला येणार आणि केकही घरीच करायचा असं ठरलं, की सगळ्यात आधी केक कापायची वेळ ठरवावी. चव, रंग, सजावट हे त्यानंतर. बहुतेक घरांत बेत उलटा सुरू होतो. आधी कुणीतरी मोबाइलवर तीन मजली केकचा फोटो दाखवतं, मग त्याचा घाट घातला जातो, आणि ज्या बाईनं तो केक केला तीच औक्षणाच्या वेळी ओट्यापाशी क्रीमची पिशवी पिळत उभी असते. फोटोत ती कुठेच दिसत नाही. हे मला मुळीच पटत नाही. केक करणारं माणूस, मग ती सून असो, लेक असो की हौशी नातू, समारंभात बसलेलं असलंच पाहिजे. पुढची सगळी पद्धत या एका आग्रहातून बसवली आहे.

इथे मी मे महिन्यातल्या पंचाहत्तरीचा बेत धरला आहे. मुलांना सुट्टी असते, हापूस उतरणीला लागलेला असतो, आणि आज पंचाहत्तरीला पोचलेल्या पिढीत कित्येकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून लागलेली असते. गावातल्या मास्तरांनी नाव घालताना तीच लिहून टाकलेली. त्यामुळे मे-जूनमध्ये असे समारंभ पुष्कळ होतात.

आधी भिंतीवरचं कालनिर्णय

तारीख पक्की करण्यापूर्वी त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी नाही ना, ते पाहा. मोठ्या कुटुंबात चार-पाच जणांचा उपास निघतोच, आणि रव्या-मैद्याचा केक उपासाला चालत नाही. तारीख बदलणं शक्य नसेल तर केकवर लावायचं आम्रखंड थोडं जास्त करून ठेवा. उपासवाल्यांना ते वाटीत देता येतं आणि कुणी नुसतं बघत बसत नाही.

आता वेळ. माझा स्पष्ट सल्ला: औक्षण सकाळी, जेवण दुपारी आणि केक संध्याकाळी ५ वाजता, चहाबरोबर. अकरा वाजता केक कापला की मुलं त्यावरच पोट भरतात आणि पानात पुरणपोळी तशीच राहते. जेवणानंतर लगेच कापला तर कुणाच्या पोटात जागा नसते, निम्मे तुकडे बशीत सुकतात. पाच वाजेपर्यंत मोठ्यांची वामकुक्षी झालेली असते, खरकटी आवरलेली असतात आणि सगळे चहाची वाट बघत असतात. शिवाय परदेशातली भावंडं. आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे ७:३० आणि लंडनमध्ये दुपारचे १२:३० झालेले असतात. सकाळी अकराला व्हिडिओ कॉल लावला तर न्यू जर्सीतला भाचा रात्री दीड वाजता डोळे चोळत बसणार.

मेणबत्त्यांबद्दल घरातल्या मोठ्यांना आधीच विचारा. शुभ दिवशी ज्योत फुंकून विझवणं अनेक आज्यांना आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला योग्य वाटतं. फुंकर मारलेला केक चाळीस जणांना वाटायचा, हेही बरं नव्हे. सकाळी ७५ दिव्यांनी औक्षण झालेलं असतंच. केकवर ‘७५’ हा आकडा काजूच्या पाकळ्यांनी किंवा पिस्त्यांनी मांडला तर मेणबत्तीची आठवणही येत नाही.

केक कुठला करावा

ज्यांची पंचाहत्तरी आहे त्यांचे दात, त्यांची पचनशक्ती आणि त्यांची आवड, या तीन गोष्टींनी केक ठरवा. कवळी असलेल्या आजोबांना अक्रोडाचा केक देण्यात काय अर्थ? यादीत अंडं न खाणारी मंडळी असतील तर दोन वेगळे केक करण्याच्या फंदात पडू नका, सगळ्यांसाठी बिनअंड्याचाच करा. वेगळा केक आला की वेगळी सुरी, वेगळ्या बशा आणि ‘हा कुठला?’ हा प्रश्न शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

या सगळ्यात बसणारा केक म्हणजे आंबा घातलेला रव्याचा केक. तो मऊ असतो, त्याला दह्यानं आणि आंब्यानं ओल येते आणि मुख्य म्हणजे तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. रवा रात्रभर आतली ओल सारखी वाटून घेतो. मैद्याचा स्पंज दुसऱ्या दिवशी कोरडा पडायला लागतो, रव्याचं उलट आहे. आदल्या दिवशी निर्धास्त भाजून ठेवता येईल असा केक हवा असेल तर याहून भरवशाचा मला माहीत नाही.

एकच पथ्य: जेवणात आमरस असेल तर आंब्याचा केक करू नका. एकाच दिवशी दोनदा आंबा झाला की दोघांचंही अप्रूप जातं. मग आंब्याऐवजी साधा वेलची-केशराचा रवा केक करा. त्यासाठी खालच्या प्रमाणात रसाच्या जागी १०० ग्रॅम दही आणि १५० मिलिलिटर दूध जास्त घाला आणि साखर २०० ग्रॅम करा. वरचा थरही आम्रखंडाऐवजी केशर-वेलचीच्या श्रीखंडाचा लावा.

प्रमाण

हे ८ इंची गोल डब्याचं प्रमाण आहे. डबा किमान अडीच इंच खोल हवा.

बारीक रवा, कच्चा: २५० ग्रॅम
मैदा किंवा कणीक: ६० ग्रॅम
पिठीसाखर: १५० ग्रॅम
हापूसचा घट्ट रस: २५० ग्रॅम
ताजं, आंबट नसलेलं दही: १२० ग्रॅम
तेल आणि साजूक तूप मिळून: ९० ग्रॅम
दूध: १०० ते १२५ मिलिलिटर
बेकिंग पावडर: दीड छोटा चमचा
खाण्याचा सोडा: पाव छोटा चमचा
मीठ चिमूटभर, वेलचीपूड, दुधात खललेलं केशर

छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मोजमापाचा चमचा, चहाचा नव्हे. बाकी सगळं वजनकाट्यावर मोजा. एका घरातली वाटी १५० मिलिलिटरची असते, दुसऱ्या घरातली २००ची. भाजीत हे खपून जातं, केकमध्ये खपत नाही.

एका डब्यातून भाजल्यावर साधारण ९०० ग्रॅम केक मिळतो. चहाबरोबर माणशी ५५ ते ६० ग्रॅमचा तुकडा पुरतो, म्हणजे एका केकचे १६ तुकडे. असे तीन केक केले की ४८ तुकडे होतात. चाळीस माणसं, शेजारच्या काकू, वॉचमन आणि दोनदा मागणारी मुलं, सगळे त्यात बसतात. तिन्ही केकसाठी रवा ७५० ग्रॅम, मैदा १८०, साखर ४५०, रस ७५०, दही ३६०, तेल-तूप २७० ग्रॅम आणि दूध साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास लागेल.

तुमच्याकडे वेगळ्या मापाचा डबा असेल तर व्यासावरून अंदाज बांधू नका, तळाचं क्षेत्रफळ बघा. ६ इंची गोल डब्याचा तळ सुमारे २८ चौरस इंच असतो, ८ इंचीचा ५०, ९ इंचीचा ६४ आणि १० इंचीचा ७९. सहावरून आठवर गेलात की मिश्रण जवळजवळ दुप्पट लागतं. डबा निम्मा भरला की पुरे, दोन तृतीयांशाच्या वर कधीच भरू नका.

मोठा एकच केक का नको? घरातल्या ओटीजीत मोठा डबा ठेवला की कडेनं गरम हवा फिरायला जागा उरत नाही. डब्याभोवती सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी हवी. ती नसेल तर कडा करपतात आणि मधे कच्चं राहतं. तीन मध्यम केक एकामागून एक भाजणं सोपं आणि बिनधोक आहे.

सोडा, पावडर आणि रवा काय करतात

हे एकदा समजून घेतलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. खाण्याच्या सोड्याला आंबटपणा मिळाला की लगेच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. इथे तो आंबटपणा दह्यातून आणि आंब्यातून येतो. बुडबुडे सुटायला लागले की थांबत नाहीत, म्हणून सोडा घातल्यावर मिश्रण ओट्यावर ठेवून फोन घ्यायला जायचं नाही. बाजारात मिळणारी बेकिंग पावडर सहसा दोन टप्प्यांत काम करते: थोडी ओल मिळाल्यावर आणि उरलेली ओव्हनच्या उष्णतेनं. म्हणून दोन्ही थोडं थोडं घालायचं. सोडा वाढवला तर केक जास्त फुलेल असं वाटतं, पण दह्याला पुरून उरलेला सोडा साबणासारखी चव देतो आणि आंब्याचा पिवळा रंगही काळपट करतो.

रव्याचा स्वभाव वेगळा. त्याला फुगायला वेळ लागतो. ओलं मिश्रण अर्धा तास झाकून ठेवलं नाही तर केक दाताखाली कचकचतो. आणि याच गोष्टीचा आपल्याला मोठा फायदा आहे: सोडा आणि पावडर घातलेली नसेल तोवर रव्याचं मिश्रण खुशाल थांबतं. म्हणजे तिन्ही केकचं मिश्रण एकदमच करता येतं, फक्त प्रत्येक डबा ओव्हनमध्ये जायच्या क्षणी त्याच्यापुरता सोडा आणि पावडर घालायची.

आठवडाभर आधी

ओव्हनची परीक्षा घ्या. याच डब्यात, याच प्रमाणात एक केक आधीच्या रविवारी करून बघा आणि किती मिनिटं लागली ते फ्रीजवर चिकटवून ठेवा. ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलेलं असलं तरी आत १६० किंवा २०० असू शकतं. साधा ओव्हन थर्मामीटर मिळाला तर आत टांगा, नाही तर चाचणीचा केकच सांगेल. वर काळा आणि मधे ओला राहिला तर तापमान दहा अंशांनी कमी करा आणि डबा एक खण खाली घ्या. वरचा रॉड डब्याच्या फार जवळ असेल तर अर्ध्या तासानंतर केकवर फॉइल सैलसर ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची सोय असेल तर ती चालते, पण बटण त्याच पर्यायावर आहे ना हे दोनदा बघा, कारण धातूचा डबा नुसत्या मायक्रोवेव्हवर चालणार नाही.

याच आठवड्यात नातेवाइकांचे फोन येतील. “अगं, मी काय आणू?” या प्रश्नाला “काही नको, तुम्ही या फक्त” असं उत्तर दिलंत की तीन जण पेढे आणतात आणि एक जण बेकरीचा केक. त्यापेक्षा नेमकं सांगा. “मावशी, कोथिंबीरवडी तुझ्याच हातची हवी.” “वन्सं, तुमच्याकडचा मोठा चहाचा थर्मास आणाल का?” मनापासून मागितलेलं काम माणसं आनंदानं करतात. आणि एवढं करूनही कुणी केक आणलाच तर तोंड वाकडं करू नका. दोन्ही केक शेजारी मांडा, दोन्ही कापा.

आंबे आणि चक्का

एक डझन मध्यम हापूस चार-पाच दिवस आधी थोडे कच्चेच आणा आणि पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रात पिकत ठेवा. अडीचशे ग्रॅमच्या आंब्यातून साधारण १३० ते १४० ग्रॅम रस निघतो. केकसाठी पाऊण किलो आणि वरच्या थरासाठी पाव किलो, म्हणजे एक किलो रस आठ आंब्यांत होतो. दोन आंबे फोडींसाठी, दोन नासके निघाले तर म्हणून. पायरी आमरसाला उत्तम, पण तिचा रस पातळ. ती वापरायची असेल तर रस मंद आचेवर आटवून घट्ट करून घ्या. डब्यातला तयार रस घेतलात तर त्यात बहुधा साखर असते. लेबल वाचा आणि केकमधली साखर तीस-चाळीस ग्रॅमनं कमी करा.

आता वरचा थर. मे महिन्यात चाळिशीला टेकलेल्या पाऱ्यात दुधाचं फेटलेलं क्रीम टिकत नाही, पाच मिनिटांत ओघळतं. वनस्पती तेलाचं तयार क्रीम टिकतं, पण जिभेवर त्याचा मेणचट थर राहतो आणि मला ते पंचाहत्तरीच्या केकवर नको वाटतं. आपल्याकडे याहून किती तरी चांगली वस्तू आहे: चक्का.

सव्वा किलो मलईदार दही दोन दिवस आधी रात्री पंचात बांधून, चाळणीवर ठेवून, खाली पातेलं देऊन फ्रीजमध्ये टाका. बाहेर टांगलं तर या दिवसांत सकाळपर्यंत आंबतं. साधारण ४५० ते ५०० ग्रॅम चक्का मिळेल. पाव किलो रस नॉनस्टिक पॅनमध्ये दीडशे ग्रॅम होईपर्यंत आटवून पूर्ण गार करा. चक्का चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढा, १२० ग्रॅम पिठीसाखर आणि आटवलेला रस घालून हलक्या हातानं मिसळा. मिक्सर लावू नका, चक्का पातळ होतो. श्रीखंडाला आपण घालतो त्याच्या मानानं ही साखर बरीच कमी आहे आणि ती तशीच हवी, कारण केक गोड आहे आणि साखर वाढली की पाणी सुटून थर घसरतो.

आदल्या दिवशीची सकाळ

सकाळी नऊला सुरुवात केली तर साडेबारापर्यंत तिन्ही केक बाहेर येतात. दुपारी ओट्यावर उद्याच्या जेवणाची तयारी चालू करता येते.

डब्यांच्या तळाशी बटर पेपर कापून घाला, कडांना तूप लावा. एकच डबा असला तर तो गार होण्याची वाट बघत बसावं लागतं, म्हणून दोन आलटून पालटून वापरा. हे काम मुलांना द्या. पिस्ते भिजवून सोलणं, वेलदोडे सोलणं हेही त्यांचंच.

मोठ्या पातेल्यात तिन्ही केकचं दही, साखर, तेल-तूप एकत्र घेऊन रवीनं किंवा हातफेट्यानं एकजीव करा. त्यात रस, केशर, वेलची, मीठ. रवा आधी चाळून घ्या, उन्हाळ्यात रव्यात काय निघेल ते सांगता येत नाही. रवा आणि मैदा घालून, निम्मं दूध घालून ढवळा आणि अर्धा तास झाका. झाकण काढल्यावर मिश्रण घट्ट झालेलं दिसेल. उरलेलं दूध लागेल तसं घाला. इडलीच्या पिठाहून जरा घट्ट असं ते हवं.

आता मिश्रणाचे वजनावर तीन सारखे भाग करा, एकेक भाग हजार ग्रॅमच्या थोडा वर भरेल. पहिला भाग ओट्यावर, उरलेले दोन झाकून फ्रीजमध्ये. ओव्हन १७५ अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. ओव्हन पूर्ण तापला की मगच पहिल्या भागात बेकिंग पावडर आणि सोडा चमचाभर मैद्याबरोबर चाळून घाला, अर्धा मिनिट भरभर पण हलक्या हातानं मिसळा, डब्यात ओता आणि लगेच आत सारा.

पहिली तीस मिनिटं दार उघडू नका. चाळीस मिनिटांनंतर बघा: कडा डब्यापासून सुटायला लागल्या आहेत, मधे बोटानं हलकं दाबलं तर परत वर येतं आणि विणायची सुई मधोमध घातली तर कोरडी निघते. तिन्ही खुणा दिसल्या की बाहेर काढा. साधारण ४० ते ५० मिनिटं लागतात.

पहिला केक अर्धा भाजून झाला की दुसरा भाग फ्रीजमधून काढून ठेवा. थंडीनं तो जास्त घट्ट झाला असेल, दोन-तीन चमचे दूध घालून सैल करा. सोडा-पावडर अर्थातच डबा आत जाताना. मिश्रण थंड असलं तर पाच मिनिटं जास्त लागतील, ओव्हन पुरता तापलेला असल्यानं कधी कधी वेळ सारखाच येतो, म्हणून घड्याळापेक्षा त्या तीन खुणांवर विश्वास ठेवा.

बाहेर काढलेला केक दहा मिनिटं डब्यातच राहू द्या, मग सुरी कडेनं फिरवून जाळीवर उलटा करा, कागद सोडवा आणि पुन्हा सुलटा करा. गरम असताना झाकलात तर वाफेचं पाणी वर पडून चिकट होतो. पूर्ण गार व्हायला दोन तास लागतात.

वीज गेली तर

उन्हाळ्यात हा प्रश्न खोटा नाही. केक आत असताना वीज गेली तर दार अजिबात उघडू नका. दहा-पंधरा मिनिटं आतली ऊब पुरते, आणि वीज परत आली की तेवढी मिनिटं वाढवून भाजणं पुढे चालू ठेवा. रव्याचा केक मुळात घट्ट बांधणीचा, तो मैद्याच्या केकइतका पटकन बसत नाही. थोडा कमी फुलला तरी चव तीच राहते, आणि वर आम्रखंड येणारच आहे.

वीज लवकर येणार नाही अशी बातमी असेल तर उरलेले केक गॅसवर करा. जुनं जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या, तळाशी बोटभर मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उलटी ताटली ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग डबा आत ठेवून मंद आचेवर ५० मिनिटं ते तासभर. वरून तांबूस रंग येणार नाही, पण वरचा भाग थराखाली झाकला जातो. प्रेशर कुकर मात्र या कामाला वापरू नका, कोरडा तापवून तो खराब होतो. मीठ नंतर बरणीत भरून पुढच्या वेळेसाठी ठेवा, स्वयंपाकाला ते घेत नाहीत.

रात्रभर

आंबा आणि दही असलेला केक नाशिक-पुण्याकडच्या कोरड्या हवेत एक रात्र बाहेर राहतो. मुंबईत, कोकणात, जिथे दमटपणा आहे तिथे फ्रीजमध्येच ठेवा. याच कारणासाठी प्रमाणात तेल आणि तूप दोन्ही आहे. नुसतं तूप घातलं तर वास सुंदर येतो पण फ्रीजमध्ये केक कडक होतो. नुसत्या तेलाचा मऊ राहतो पण सपक लागतो. निम्मं-निम्मं घ्या आणि खायच्या आधी तासभर बाहेर काढा.

फ्रीजमध्ये जागा असेल असं गृहीत धरू नका. चाळीस जणांचं दही, दूध, कोशिंबिरीची भाजी, फुलं, सगळं तिथेच असतं. शेजारी एक खण आधीच मागून ठेवा. बाहेर ठेवणार असाल तर डबा पाण्याच्या ताटात उभा करा. मुंग्यांना केकचा वास आपल्या आधी येतो.

समारंभाचा दिवस

सकाळी केकला हात लावायचा नाही. औक्षणाचं तबक लावा: निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. ७५ दिवे लावणार असाल तर ते मोठ्या परातीत मांडा, ओवाळताना परात दोघींनी धरा आणि पंखे बंद करा. तबकाजवळ बसा, फोटोत या, पंगतीत जेवा.

साडेतीनला केक फ्रीजमधून काढा. साडेचारला वरचा थर लावायला बसा, तिन्ही केकना मिळून वीस मिनिटं पुरतात. प्रत्येकावर साधारण पाव किलो आम्रखंड उलथन्यानं पसरा, जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या जरा वर येते. कडांना लावू नका, केकची पिवळी कड उघडी छान दिसते. एका केकवर ‘७५’ मांडा आणि कडेनं आंब्याच्या फोडी लावा. फोडी अगदी शेवटी, कारण त्यांना रस सुटतो. बाकीचे दोन केक सजवायचे नाहीत. ते स्वयंपाकघरातच कापायचे, म्हणजे आजी समोरचा केक कापेपर्यंत बशा भरून तयार असतात आणि कुणाला ताटकळावं लागत नाही. बशा भरायचं काम जाऊबाई किंवा मोठा भाचा यांच्याकडे सकाळीच सोपवून टाका. चक्का लावलेला केक या उन्हात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

कापायची एक सोपी युक्ती. ८ इंची केकच्या मधोमध ४ इंची वाटी उलटी ठेवून तिच्या कडेनं गोल कापा. आतलं वर्तुळ बरोबर पाव केक असतं, त्याचे चार तुकडे करा. बाहेरच्या कड्याचे बारा. सोळाही तुकडे सारख्या वजनाचे होतात, निमुळती टोकं तुटून चुरा पडत नाही आणि वृद्धांना बशीतून चमच्यानं खाणं सोपं जातं. सुरी प्रत्येक वेळी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळा बिनसाखरेचा केक करण्याचा आग्रह मी धरत नाही. आंब्यात आणि रव्यात साखर-पिष्ट आहेच, ‘बिनसाखरेचा’ म्हटल्यानं माणूस उलट जास्त खातो. आतल्या वर्तुळातला तुकडा अर्धा करून, वर थर न लावलेला, बशीत आधीच काढून ठेवा आणि चारचौघांत ‘तुम्हाला चालतं का?’ असं न विचारता बाजूला नेऊन हळूच विचारा. काजू-पिस्ते सगळ्यांवर भुरभुरण्यापेक्षा वाटीत वेगळे ठेवा. कुणाला सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असते, कुणाला ते चावत नाहीत, आणि अगदी लहान मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो.

जाताना बरोबर द्यायचं असेल तर

निरोपाच्या वेळी “आजोबांना घरी घेऊन जा” म्हणून तुकडा दिला जातोच. त्यासाठी तिसऱ्या केकचा एक भाग वरचा थर न लावता ठेवा. आम्रखंड लावलेला तुकडा बसमधल्या दोन तासांतही आंबतो. कोरडा तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातला तर रात्रीच्या गाडीनं सोलापूरला किंवा नागपूरला पोचेपर्यंत ठीक राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लगेच संपवायला सांगा. डब्यावर नाव लिहून चिकटवा, नाही तर स्टीलचे डबे पुढच्या लग्नापर्यंत परत येत नाहीत. उरलेलं आम्रखंड फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं. पोळीबरोबर संपतं, आणि घरात मुलं असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच.